शब्दाला जागणारी भुतं

नव्वदच्या दशकात बेंगळुरूच्या जुन्या वस्त्यांत आणि कर्नाटकातल्या अनेक गावांत घरांच्या दारांवर, भिंतींवर दोन शब्द लिहिलेले दिसायचे: 'नाळे बा'. उद्या ये. कुणी खडूने लिहायचं, कुणी रंगाने. निरोप एका भुतासाठी होता. रात्री एक बाई गल्लीतून फिरते, दार ठोठावते आणि घरातल्याच कुणाच्या तरी आवाजात हाक मारते, अशी वदंता होती. कधी आईचा आवाज, कधी बहिणीचा. आवाज ओळखीचा म्हणून जो दार उघडेल, त्याचं मरण ठरलेलं. पण दारावरचं 'उद्या ये' वाचलं की ती मुकाट्याने मागे फिरायची. दुसऱ्या रात्री पुन्हा यायची, पुन्हा तेच वाचायची, पुन्हा परत जायची.

या कथेत सर्वांत मनोहर काही असेल तर तो भुताचा स्वभाव. या बाईला कन्नड वाचता येतं. लिहिलेल्या शब्दाचा ती मान राखते. दार फोडत नाही, खिडकीतून शिरत नाही, 'उद्या म्हणजे नक्की कधी' असं विचारत नाही. तिला थोपवायला मांत्रिक लागत नाही, होम लागत नाही. खडूचा एक तुकडा आणि थोडी हुशारी पुरते. ज्या कुणा अनामिक माणसाने हे दोन शब्द पहिल्यांदा भिंतीवर लिहिले, त्याला कवीच म्हटलं पाहिजे. दोन शब्दांत त्याने एक न संपणारी कथा रचली, आणि ती वाचणारा मुख्य वाचक भूत होतं.

ही कथा तेव्हाच्या बेंगळुरूत एवढी फोफावली याचं कारण शहराच्या वाढीतही शोधता येईल. १९९१च्या जनगणनेत महानगराची लोकसंख्या सुमारे ४१ लाख होती, २००१मध्ये ती ५७ लाखांवर गेली. पेन्शनरांचं, बागांचं म्हणून ओळखलं जाणारं शांत गाव बघता बघता अनोळखी माणसांचं महानगर झालं. रात्री दार ठोठावणारा कोण असेल, हा प्रश्न तिथे भुताखेरीजही खराच होता. 'नाळे बा'च्या बाईने त्या प्रश्नाला एक चेहरा दिला आणि गावाने त्याला उत्तर दिलं.

पुढे २०१८मध्ये हिंदीतल्या 'स्त्री' या चित्रपटाने हीच कल्पना उचलून मध्य प्रदेशातल्या चंदेरी गावात नेली. दिग्दर्शक अमर कौशिक, लेखक राज आणि डीके. चित्रपटातली पुरुषांना पळवणारी स्त्रीही भिंतीवरची सूचना वाचून उद्यावर जाते. प्रेक्षक एकाच वेळी दचकत होते आणि हसत होते. भीती आणि खेळ एकाच ताटात वाढण्याचा हा प्रकार अनेकांना नवा वाटला. प्रत्यक्षात तो आपल्याकडे फार जुना आहे. आणि त्याचं जवळजवळ प्रत्येक उदाहरण तपासलं तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा हाती लागते: आपली भुतं शब्दाला जागतात. त्यांना नियम असतात, आणि ते नियम भाषेचे असतात.

बंगालमध्ये 'निशी' नावाचं भूत रात्री ओळखीच्या आवाजात हाक मारतं, पण दोनदाच. म्हणून तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही. आपल्याकडेही रात्रीच्या पहिल्या हाकेला उठू नको, असं सांगणाऱ्या आज्या कोकणात होत्या. मुंजा पिंपळावर राहतो, चकवा रानात वाट चुकवतो, समंध आपल्या ठेव्यावर बसून राहतो. प्रत्येकाची हद्द ठरलेली, खोडी ठरलेली आणि उतारा ठरलेला.

या सगळ्यांचा राजा वेताळ. सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मिरात लिहिलेल्या 'कथासरित्सागरा'त तो एका प्रेतात शिरून झाडाला लटकलेला असतो. राजा त्याला खांद्यावर घेऊन निघतो, वेताळ वाटेत गोष्ट सांगतो आणि शेवटी कोडं घालतो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर डोक्याची शकलं होतील; बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर. स्मशान आहे, मध्यरात्र आहे, खांद्यावर प्रेत आहे, आणि या सगळ्याच्या मधोमध न्यायाची, नात्यांची, प्रेमाची बारीक चर्चा चाललेली आहे. शेवटच्या कोड्याचं उत्तर राजाला येत नाही, तो खरोखरच गप्प राहतो आणि तिथेच जिंकतो. भुताशी असा बुद्धीचा डाव मांडणारी कथा जगाच्या साहित्यातही वरच्या रांगेत बसेल.

यातल्याच एका कोड्यात दोन पुरुषांची मुंडकी धडांवर अदलाबदल होऊन बसतात आणि नवरा कोणता, असा प्रश्न उभा राहतो. जर्मन कादंबरीकार थॉमस मान यांनी १९४०मध्ये त्यावर लघुकादंबरी लिहिली. तिथून ते कोडं गिरीश कार्नाडांकडे आलं आणि १९७१मध्ये 'हयवदन' हे कन्नड नाटक झालं. कार्नाड जन्मले माथेरानला, वाढले शिरसी आणि धारवाडमध्ये, आणि १० जून २०१९ रोजी त्यांनी बेंगळुरूत शेवटचा श्वास घेतला. 'हयवदन'चा मराठी अनुवाद चिं. त्र्यं. खानोलकरांनी केला आणि विजया मेहतांनी ते मराठी रंगभूमीवर उभं केलं. खानोलकर म्हणजेच कवी आरती प्रभू. 'कोंडुरा' आणि 'रात्र काळी घागर काळी' लिहिणाऱ्या, कोकणातल्या पडक्या घरांचा आणि शापांचा अंधार अंगात मुरलेल्या या लेखकाच्या हाती वेताळाची गोष्ट पडावी, हा योग फार चांगला जुळून आला.

कार्नाडांचं १९८८चं 'नागमंडल' तर या विषयाचा नमुनाच आहे. पडकं देऊळ, भंगलेली मूर्ती, रात्र. एक नाटककार तिथे जीव मुठीत धरून बसलेला. त्याच्या नाटकांनी असंख्य प्रेक्षकांना झोपवलं, म्हणून त्याला शाप मिळालेला आहे: महिनाभरात एक तरी रात्र पूर्ण जागून काढ, नाहीतर मरशील. आज शेवटची रात्र. तेवढ्यात गावातल्या घराघरांतून विझवलेल्या दिव्यांच्या ज्योती देवळात जमतात आणि बायकांसारख्या गप्पा मारू लागतात. मग एक गोष्ट स्वतःच तरुण बाईचं रूप घेऊन येते. तिच्या अंगावरची साडी हे एक गाणं असतं. एका म्हातारीने ती गोष्ट आणि ते गाणं कधी कुणाला सांगितलंच नाही, म्हणून ती दोघं म्हातारी झोपलेली असताना तिच्या तोंडातून निसटलेली आहेत. मरणाच्या छायेत बसलेल्या माणसासमोर हा सगळा खेळ चालतो. प्रेक्षक हसतो, आणि नाटककार मरेल का ही धाकधूकही त्याला सोडत नाही.

बेंगळुरूत हा खेळ नाट्यगृहाबाहेरही दिसतो. शहरात कुठेही नवी इमारत उभी राहत असली की तिच्या बांबूंच्या पराचीवर राक्षसाचा एक मुखवटा टांगलेला असतो. लालभडक किंवा काळा रंग, बटबटीत डोळे, वर वळलेल्या झुपकेदार मिशा, ओठांबाहेर आलेले सुळे, हनुवटीपर्यंत लोंबणारी जीभ. हा दृष्ट लागू नये म्हणून लावलेला पहारेकरी. शेजारी बहुधा दोरीला टांगलेला कोहळा असतो, त्याच्यावरही डोळे आणि दात रंगवलेले. जवळ जाऊन पाहिलं तर कळतं की रंगवणाऱ्याने हात राखलेला नाही. भिवईचा एक फटकारा, दातांच्या मधली फट, जिभेवरचा पांढरा ठिपका यांत त्याची हौस दिसते. नुसती दृष्टच काढायची असती तर एवढ्या नक्षीची गरज नव्हती. बनवणाऱ्याला राक्षस आवडतो, हे उघड आहे.

आयुधपूजेच्या दिवशी हेच कोहळे रस्त्यावर येतात. वरून भोक पाडून आत कुंकू भरायचं, वर कापूर पेटवायचा, वाहनावरून किंवा दुकानावरून ओवाळायचं आणि चौकात आपटायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी बेंगळुरूचे रस्ते लाल गराने माखलेले असतात. दुचाकीस्वार घसरतात, म्हणून दरवर्षी पोलीस आणि पालिका लोकांना कोहळे रस्त्यात फोडू नका म्हणून विनवतात. रक्ताचा देखावा, पण भाजीचा. बळीची भीषणता तशीच ठेवून त्यातली हिंसा काढून घेण्याची ही युक्ती कुणी एकट्याने काढलेली नसावी. अनेक पिढ्यांनी मिळून ती घडवली असणार.

या मुखवट्याचा पूर्वज देवळाच्या उंबऱ्यावर आणि चौकटीवर सापडतो: कीर्तिमुख. शिवाच्या क्रोधातून एक भुकेला जीव जन्मला, त्याने खायला मागितलं, आणि शिवाने त्याला स्वतःलाच खायला सांगितलं. त्याने पायांपासून सुरुवात करून सगळं अंग खाल्लं, फक्त तोंड उरलं. आज्ञा एवढी तंतोतंत पाळल्याबद्दल शिव प्रसन्न झाला आणि त्याला आपल्या दारावर कायमचं स्थान दिलं. शब्दाला जागणाऱ्या भुतांमध्ये याच्याइतका कडक दुसरा कुणी नाही.

युरोपात भयाच्या साहित्याला नाव आणि घराणं मिळालं ते अठराव्या शतकात. १७६४च्या अखेरीस होरेस वॉलपोलची 'द कॅसल ऑफ ओट्रान्टो' ही कादंबरी आली आणि दुसऱ्या आवृत्तीत त्याने तिला 'गॉथिक कथा' म्हटलं. पडके किल्ले, भुयारं, पूर्वजांचे शाप, चंद्रप्रकाशात हलणाऱ्या तसबिरी हे सगळं तिथून चलनात आलं. कवितेनेही मागे राहायचं नाकारलं. १७७३मध्ये जर्मन कवी ब्युर्गर याच्या 'लेनोरे'ने मेलेल्या प्रियकराला घोड्यावर बसवून मध्यरात्री प्रेयसीच्या दारात आणलं, आणि अख्खा युरोप त्या टापांच्या लयीत शहारला. १८४५मध्ये अमेरिकेत एडगर अ‍ॅलन पोची 'द रेव्हन' प्रसिद्ध झाली. शोकात बुडालेला माणूस एका कावळ्याला प्रश्नामागून प्रश्न विचारतो आणि पक्षी दरवेळी एकच शब्द बोलतो. पुढच्याच वर्षी पोने एका निबंधात लिहिलं की ही कविता आपण गणित सोडवावं तशी पायरीपायरीने, शेवटाकडून सुरुवात करून बांधली. त्यात अतिशयोक्ती असेलही. पण भय हे रचनेचं काम आहे, नुसत्या भावनेचं नाही, ही त्याची जाण पक्की होती.

याच परंपरेतला एक प्रसंग बेंगळुरूच्या भिंतीशी थेट बोलतो. गटेच्या 'फाउस्ट'मध्ये सैतान मेफिस्टोफेलीस कुत्र्याच्या रूपाने फाउस्टच्या खोलीत शिरतो, पण त्याला बाहेर पडता येत नाही. कारण उंबऱ्यावर पंचकोनी ताऱ्याची आकृती काढलेली आहे. तिचा एक कोपरा नीट जुळलेला नव्हता म्हणून तो आत येऊ शकला. परतताना मात्र तीच रेघ त्याला अडवते. शेवटी तो एका उंदराला बोलावून ती रेघ कुरतडून घेतो. सैतानांनाही कायदा असतो, हे तो स्वतःच फाउस्टला सांगतो. नरकाचा दूत एका रेघेपुढे हतबल.

हा 'फाउस्ट' १९६५मध्ये मराठीत आणला विंदा करंदीकरांनी. चेटकिणीचं स्वयंपाकघर, चेटक्यांची जत्रा, थट्टेखोर सैतान, हे सगळं त्यांनी ओळीओळीने मराठीत वळवलं. अ‍ॅरिस्टॉटलचं काव्यशास्त्र आणि 'किंग लिअर' मराठीत आणणारे, इंग्रजीचे प्राध्यापक, पुढे ज्ञानपीठाचे मानकरी. या भारदस्त माणसाने १९८१मध्ये मुलांसाठी जे पुस्तक काढलं त्याचं नाव 'पिशीमावशी आणि तिची भुतावळ'. नंतर १९९३मध्ये 'बागुलबोवा'ही आलं.

मराठी समीक्षेने विंदांच्या बालकवितेला प्रेमाने वागवलं, पण एका बाजूला ठेवून. 'अष्टदर्शने' वेगळं, 'एटू लोकांचा देश' वेगळं, असा हिशेब. प्रत्यक्षात 'फाउस्ट' आणि पिशीमावशी एकाच हाताची आहेत. ज्याने मेफिस्टोफेलीसच्या खिजवणाऱ्या बोलीला मराठी लय शोधली, त्यालाच ठाऊक असणार की भूत मुलासमोर आणायचं तर त्याला घरचं करावं लागतं. म्हणून ती 'मावशी'. मराठी मुलासाठी मावशी म्हणजे लाड. तिला थोडं वेड लावलं, सभोवती भुतांचा गोतावळा दिला, की धाक आणि माया एकाच बाईत नांदायला लागतात. मूल घाबरतं ते तिच्या पदराआडूनच. भुताचं भूतपण कमी न करता त्याला नात्यात ओढणं हे अवघड काम आहे, आणि मोठ्यांच्या कवितेत ते करणारे मराठीत मोजकेच.

मुलांना भुतं का आवडतात, याचं एक उत्तर लयीत आहे. यमक म्हणजे वचन. पहिली ओळ जिथे थांबली, तिथेच दुसरी येऊन थांबणार, हे मुलाला कानाने ठाऊक असतं. मधल्या जागेत कितीही अक्राळविक्राळ काही येवो, ओळ संपेपर्यंतच त्याचं राज्य. ताल जितका पक्का, तितकं त्यात भरलेलं भय मोठं असू शकतं. मुक्तछंदात भूत सुटं होतं. छंदात ते मात्रांमध्ये मोजलेलं असतं.

महाराष्ट्राने हे तंत्र उलट्या बाजूनेही वापरलं आहे. समर्थ रामदासांचं मारुतिस्तोत्र अनुष्टुभात आहे, चरणाला आठ अक्षरं, आणि त्याच्या फलश्रुतीत भूतप्रेतसमंधांपासून सुटकेचं आश्वासन आहे. अंधारात परसातून येताना किंवा लाइट गेल्यावर जिन्यात थांबलेल्या कित्येक मराठी मुलांनी ते एका दमात, पावलांच्या ठेक्यावर म्हटलं आहे. अर्थ कळण्याच्या आधी आठ-आठ अक्षरांचा ठेका धीर द्यायचा. ते स्तोत्र आहे, गंभीर आहे, श्रद्धेचं आहे. पण मूल ते म्हणतं तेव्हा ताल आणि अंधार यांची झुंज चाललेली असते, आणि ती विंदांच्या कवितेपासून फार दूर नाही.

अमेरिकेत एडवर्ड गोरीने १९६३मध्ये हेच सूत्र टोकाला नेलं. त्याच्या 'द गॅशलिक्रम्ब टायनीज' या छोट्या पुस्तकात इंग्रजी वर्णमालेची २६ अक्षरं, प्रत्येक अक्षराला एक मूल, आणि प्रत्येक मुलाचा एका ओळीत विचित्र मृत्यू. दोन-दोन ओळींना यमक. बारीक रेघांची काळी-पांढरी चित्रं एखाद्या जुन्या घरातल्या सभ्य पुस्तकासारखी. वाचक शहारतो, तरी पान उलटतो, कारण पुढचं अक्षर येणारच असतं. याच गोरीने १९७७मध्ये ब्रॉडवेवरच्या 'ड्रॅक्युला'ची सजावट आणि वेशभूषा केली आणि वेशभूषेसाठी टोनी पुरस्कार मिळवला. १९८२मध्ये टिम बर्टनने 'व्हिन्सेंट' हा सहा मिनिटांचा चित्रपट केला, सगळा यमकात. जुन्या भयपटांचा नट व्हिन्सेंट प्राइस आपण आहोत असं स्वप्न पाहणारा, पो वाचणारा सात वर्षांचा मुलगा. त्याची गोष्ट पडद्यामागून सांगायला खुद्द प्राइसच होता. लहानपणी ज्याला घाबरलो त्याच्याच आवाजात आपलं बालपण ऐकणं, यापेक्षा मोठी भेट बर्टनला कुणी दिली नसती.

आपल्याकडे या तोडीचं काही शोधायचं तर सत्यजित राय यांच्या 'गुपी गाइन बाघा बाइन'कडे जावं लागतं. मूळ गोष्ट त्यांच्या आजोबांची, उपेंद्रकिशोरांची, चित्रपट १९६९चा. बांबूच्या बनात रात्री भुतांचा नाच होतो. राजे, गोरे साहेब, गलेलठ्ठ आणि साधी रयत असे चार गट. मरणानंतरही माणसांची जात-वर्गाची उतरंड तशीच राहिलेली. या सुमारे साडेसहा मिनिटांच्या नाचाला राय यांनी गाणं दिलं नाही; दिली ती दक्षिणेची तालवाद्यं: मृदंगम, घटम, कंजिरा आणि मोरसिंग, प्रत्येक गटाला आपापलं. कर्नाटक संगीताच्या मैफिलीत बेंगळुरूचे रसिक ज्या ठेक्यावर मान डोलवतात, त्यावर बंगालची भुतं नाचली. आणि भुतांचा राजा जेव्हा बोलतो तेव्हा तो यमकात बोलतो. त्याला आवाज दिला होता स्वतः राय यांनी. तीन वर देऊन तो ते पाळतोही.

मराठीत हा खेळ रंगभूमीने जास्त सांभाळला. सुधा करमरकरांनी १९५९मध्ये रत्नाकर मतकरींच्या 'मधुमंजिरी'पासून बालरंगभूमीचा नवा अध्याय सुरू केला. मतकरींच्याच 'अलबत्या गलबत्या'तली चिंची चेटकीण हे मराठी बालपणाचं एक लाडकं भय आहे. मोठ्यांसाठी थंडगार गूढकथा लिहिणारे मतकरी मुलांसाठी चेटकिणीला नाचायला-गायला लावत. चिंची पहिल्यांदा गाजवली दिलीप प्रभावळकरांनी, आणि २०१८च्या पुनरुज्जीवनात ती वैभव मांगले यांनी केली. प्रभावळकरांचा प्रवास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. १९८२च्या 'एक डाव भुताचा'मध्ये अशोक सराफांच्या मराठा सैनिकाच्या भुताशी गट्टी जमवणारा साधा मास्तर त्यांचा, आणि १९९३च्या 'झपाटलेला'तला तात्या विंचूही त्यांचाच. चेटकीण, भुताचा दोस्त आणि बाहुल्यात शिरलेला गुंड, तिन्ही एकाच नटाने केले. मराठी प्रेक्षकाला भय आणि हसू वेगळं करायला कुणी शिकवलंच नाही, हे बरंच झालं.

गंभीर भयकथेतही शब्दांचा नियम सुटत नाही. नारायण धारपांच्या 'आजी' या कथेवरून काही अंशी स्फुरलेला 'तुंबाड' २०१८मध्ये आला. त्यात झपाटलेल्या म्हातारीला झोपवायचं तर हस्तर या शापित दैवताचं नाव घ्यावं लागतं, आणि हस्तरपासून वाचायचं तर पिठाचं रिंगण आखावं लागतं. पुन्हा रेघ, पुन्हा शब्द. कन्नडमध्ये २०२५मध्ये जे. पी. तुमिनाड यांच्या 'सु फ्रॉम सो'ने किनारपट्टीवरच्या एका गावात अंगात आल्याचं सोंग घेणाऱ्या तरुणाची गोष्ट सांगितली. सोंग घेतल्यावर भुताचे सगळे नियम त्यालाच लागू होतात, आणि बेंगळुरूची चित्रपटगृहं त्यावर खदखदून हसली.

या सगळ्याच्या मागे जाऊन मराठीतली सर्वांत धीट भूत-कविता शोधायची तर ती सोळाव्या शतकात सापडते. एकनाथांचं भुतावरचं भारूड. नाथांचे पणजोबा भानुदास यांनी विठ्ठलाची मूर्ती विजयनगराहून पंढरपुरी परत आणली, अशी परंपरा सांगते. म्हणजे या घराण्याचा कर्नाटकाशी संबंध जुनाच. भारुडात एक बाई दुसरीला सांगते की भूत फार जबरदस्त आहे, त्याने पुरतं झडपलं आहे. सूप आणि चाटू घेऊन देवऋषीचे उपचार झाले. लिंबू, नारळ, कोंबडा उतरून टाकला. भूत ढिम्म हललं नाही, उलट तिथेच ठाण मांडून बसलं. मग हळूहळू कळतं की हे भूत यापूर्वी कुणाकुणाला लागलं होतं: नारदाला लागलं, आणि त्याला साठ पोरं झाली, ध्रुवाला लागलं, आणि तो बाळ रानात उभा राहिला. ऐकणाऱ्याच्या लक्षात येतं की हे झपाटणं कुणाचं आहे. देवाचं.

या रचनेतलं धाडस आजही दिपवतं. गावातल्या ओसरीवर रोज चालणारं अंगात येणं, उतारे, देवऋषी हे सगळं साहित्य नाथांनी जसंच्या तसं उचललं. त्यावर टीकेचा सूर लावला नाही, ऐकणाऱ्या बायाबापड्यांना अडाणी ठरवलं नाही. आधी हसवलं, घाबरवलं आणि मग त्याच भीतीच्या दाराने त्यांना आत नेलं. इथे भूत उतरत नाही, आणि कुणाला ते उतरावं असंही वाटत नाही. सोंग घेऊन, डोकं हलवत, डोळे गरगरवत लोककलावंत भारूड करतात तेव्हा समोरची लहान मुलं आईच्या मागे लपतात आणि मोठी माणसं डोळे पुसतात.

एकनाथ आणि विंदा यांच्यामध्ये सुमारे चार शतकं आहेत, आणि विंदांनंतर मोठ्यांसाठी अशी कविता जवळजवळ दिसत नाही. गद्यात मात्र भुतं सुखरूप आहेत. 'धनंजय', 'नवल' यांसारख्या दिवाळी अंकांनी गूढकथा आणि भयकथा पिढ्यानपिढ्या घरोघरी पोहोचवल्या, धारपांना आणि मतकरींना वाचक मिळवून दिले. त्या अंकांत भुतांच्या छंदोबद्ध कवितांना चार पानं राखून ठेवली, चित्रकाराला गोरीसारखी मोकळीक दिली आणि कवीला यमकाची अट घातली, तर लिहिणारे नक्की पुढे येतील. बेंगळुरू, पुणे, सावंतवाडी, जिथे जिथे मराठी घरं आहेत तिथे आजही मुलं रात्री आजीला एक तरी भुताची गोष्ट मागतात, आणि ती ताल धरून सांगितली तर पुन्हा सांग म्हणतात.